सात तारखेचं स्तोत्र

नगरच्या आमच्या घरात लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपासाचा काळ, नेमका कधी शिरला, यावर आम्हा भावंडांचं अजून एकमत नाही. थोरला दादा म्हणतो, तो पहिल्यापासूनच होता. मोठी आई लग्न होऊन आली तेव्हा तिच्या ट्रंकेतून आला. माई, म्हणजे आमची आत्येबहीण, म्हणते की २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात निरनिराळ्या मिशनांच्या मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, तोवर लेंट आपल्या घरात चोरपावलांनीच वावरत होता. दोघांचंही खरं आहे. मोठी आई, म्हणजे आमची आजी, एस.पी.जी. या मिशनच्या घरातली, इंग्लंडच्या चर्चच्या वळणाची. राखेचा बुधवार, चाळीस दिवस, झावळ्यांचा रविवार हे सगळं तिच्या अंगात मुरलेलं. आप्पा, म्हणजे आमचे आजोबा, अमेरिकन मिशनच्या शाळेतले मास्तर. त्यांच्याकडे असल्या ठरीव उपासातापासांचं कौतुक नव्हतं. ‘प्रभूनं अरण्यात चाळीस दिवस काही खाल्लं नाही, म्हणून तुम्ही शुक्रवारी मटण सोडून अंड्याचं कालवण करणार काय?’ असं ते दरवर्षी विचारायचे, आणि मोठी आई दरवर्षी म्हणायची, ‘मग तुम्ही अंडंही सोडा.’

मंडळ्या एक झाल्या आणि आप्पांची पंचाईत झाली. आता पाळकसाहेबच वेदीवरून लेंट जाहीर करायला लागले.

तिच्या ट्रंकेतून आलेली दुसरी वस्तू म्हणजे प्रार्थनेचं पुस्तक. पुठ्ठा सुटलेला, पाठीला खळीनं चिकटवलेलं कापड. त्यात स्तोत्रसंहितेची दीडशे स्तोत्रं महिन्याच्या तीस दिवसांवर वाटून दिलेली असत, सकाळचा वाटा वेगळा, संध्याकाळचा वेगळा. एकतीस तारीख आली तर तीस तारखेचीच पुन्हा वाचायची. लेंटमध्ये संध्याकाळचा वाटा सगळ्या घरानं मिळून वाचायचा, हा तिचा नेम. त्यामुळे आमच्या पिढीच्या डोक्यात तारखा स्तोत्रांना चिकटून बसल्या आहेत. चोवीसची संध्याकाळ म्हटलं की आजही माझ्या पोटात गोळा येतो, कारण त्या संध्याकाळी ११९वं सुरू व्हायचं. वचनं एकशे शहात्तर, संपता संपता सव्वीस तारीख उजाडायची. पंधराच्या संध्याकाळी ७८वं, बहात्तर वचनांचं. धाकटी हमखास झोपायची. आणि चार तारखेच्या संध्याकाळी २२वं आणि २३वं पाठोपाठ.

या पाठोपाठपणावर मोठी आईचा फार कटाक्ष होता. मेंढपाळाचं २३वं स्तोत्र सगळ्यांना पाठ, लग्नात, मयताला, बारशाला तेच. कुणाकुणाच्या दिवाणखान्यात ते मखमलीवर भरतकाम करून लावलेलं असायचं. तिला ते रुचायचं नाही. ‘आधीचं कुणी लावत नाही भिंतीवर,’ ती म्हणायची. आधीचं म्हणजे २२वं, देवानं आपल्याला टाकलं असं थेट त्याच्या तोंडावर सांगणारं, प्रभूनं क्रूसावर ज्याचे पहिले शब्द उच्चारले ते. तिच्या मते बावीस न वाचता तेवीस वाचणं हा लबाडीचा धंदा होता. मला आजही तिचंच पटतं.

आमच्या पिढीचा लेंट म्हणजे मुख्यतः १९७३चा. आधीची दोन वर्षं पावसानं हूल दिलेली, आणि बाहत्तरचा पावसाळा तर आलाच नाही. मार्च उजाडला तोवर सीना नदीच्या पात्रात पोरं क्रिकेट खेळत होती, वाड्यातल्या आडात बादली सोडली की दगडावर आपटल्याचा आवाज यायचा, आणि चारा नाही म्हणून गावोगावची जनावरं छावणीत नाहीतर खाटकाकडे निघाली होती. राज्यभर दुष्काळी कामं निघाली: पाझर तलाव, नालाबंदी, रस्ते, खडी फोडणं. त्या मे महिन्यात महाराष्ट्रात या कामांवर जवळपास पन्नास लाख माणसं होती, हे मला मोठेपणी कळलं. तेव्हा आम्हाला दिसायची ती नगरच्या बाहेर रस्त्याच्या कडेला खडीच्या ढिगांमागे बसलेली माणसं, बायाच जास्त, डोक्यावर पदर, हातात हातोडी.

त्या वर्षी राखेचा बुधवार ७ मार्चला आला. आप्पांना आयतंच सापडलं. ‘अख्खा जिल्हा उपास करतोय, आता तुमचा वेगळा कशाला?’ मोठी आईनं उत्तर दिलं नाही. तिनं चहा सोडला. तिच्या वाट्याची साखर आणि पावडर वाचायची ती ती मोजून वेगळ्या डब्यात टाकायची, आणि पीठ मळायच्या आधी एक मूठ दुसऱ्या डब्यात. कशासाठी ते विचारायची आमची छाती नव्हती.

रेशनवर लाल मिलो आला होता. ज्वारीच्याच नात्यातला, पण आमच्या बायकांच्या हाताला ओळख न देणारा. गिरणीतून पीठ यायचं ते विटकरी. थापायला घेतलं की कडेनं चिरा, परातीतून उचललं की दोन तुकडे. अमेरिकेत हे जनावरांना घालतात, असं गल्लीत सगळे खात्रीनं सांगायचे. मोठी आईनं चार-पाच दिवसांत त्याला वठणीवर आणलं. आधणात पीठ वैरून उकड काढायची, गरम असतानाच मळायची. चटके बसायचे म्हणून शेजारी गार पाण्याची वाटी. मग थापायची नाही, कडा सांभाळत तळहातानं दाबत दाबत वाढवायची. तव्यावर टाकली की वरून पाणी फिरवायचं, तेही ओंजळीनं नाही, नुसती बोटं बुडवून, कारण पाणी टँकरचं. ती भाकरी फुगायची नाही. पण अख्खी राहायची, आणि अख्ख्या भाकरीचा तिला कोण अभिमान! मिशनच्या आवारात दुधाची पावडर आणि बल्गर गहूही मिळायचा. बल्गरचा उपमा चांगला लागायचा असं माई म्हणते. दादाला नुसत्या आठवणीनं ढेकर येतो.

जेवणाआधी आप्पा १४५व्या स्तोत्राच्या आधारानं प्रार्थना करायचे. सगळ्या जिवांचे डोळे देवाकडे लागलेत आणि तो ज्याचं त्याला वेळच्या वेळी खायला घालतो, असा तिचा भाव. एकदा आमेन म्हणायच्या आत दादा पुटपुटला, ‘घालतो, पण लाल घालतो.’ आप्पांचा हात उठलाच होता. मोठी आई हसली, म्हणून तो वाचला. ती हसली यावरूनच आम्हाला कळलं की देवाविषयी तक्रार करायला या घरात परवानगी आहे, फक्त ती त्याच्यासमोर करायची, पाठीमागे नाही.

खरं तर स्तोत्रांमधून तिनं आम्हाला हेच शिकवलं, न शिकवता. भरवसा म्हणजे शांत बसणं, असं आम्ही रविवारच्या शाळेत ऐकायचो. घरी ऐकायला यायचं ते निराळंच. १३व्या स्तोत्रात दावीद देवाला ‘कुठवर’ असं चारदा विचारतो, आणि स्तोत्र आहे अवघ्या सहा वचनांचं. ८८वं तर अंधारातच संपतं, शेवटी दिलाशाची एक ओळ नाही. तिला काळजी नव्हती असं कुणी समजू नये. रात्री पिठाच्या डब्यात हात घालून पीठ कोपरापासून किती खाली गेलंय ते ती बघायची, आणि सकाळी पुन्हा बघायची, जणू रात्रीतून काही बदललं असेल. बाहेर तितक्याच नेमानं ती स्तोत्र वाचायची. ही दोन्ही कामं तिला एकाच जातीची वाटत असावीत.

पलीकडच्या खणात वारकरी काकू राहायच्या. एकादशीला त्यांचा उपास, शुक्रवारी हिचा, आणि दोघी एकमेकींना हटकून विचारायच्या, ‘आज काय चालतं तुम्हाला?’ भिंत एकच, त्यामुळे आमची स्तोत्रं त्यांच्याकडे ऐकू जायची. एकदा ४४वं चाललं होतं, त्यात देवाला चक्क झोपेतून उठवतात. काकू दारात येऊन म्हणाल्या, ‘तुमचा दावीद अगदी आमच्या तुकोबासारखा भांडतो हो!’ ते स्तोत्र दाविदाचं नसून कोरहाच्या वंशजांचं, अशी दुरुस्ती आप्पांनी लगेच केली. मास्तर ते मास्तरच. पण काकूंचं म्हणणं बिनतोड होतं. दुष्काळात पहिली बायको गमावलेल्या तुकारामाला विठ्ठलाशी भांडायचा हक्क होता, हे या मातीत कुणाला समजावून सांगावं लागत नाही. नारायण वामन टिळक या नगरातच वावरले, त्यांची भजनं आमच्या मंडळीत आजही गातात. ख्रिस्तापर्यंत आपण तुकारामावरून आलो, असं तेही सांगत. आमच्या घरात तो पूल काकूंच्या आणि आमच्या सामाईक भिंतीतून गेला होता.

काका तेव्हा नुकताच बी.ए. होऊन घरी बसला होता. त्याला एका पाझर तलावाच्या कामावर हजेरी कारकुनाची जागा मिळाली. सायकलवर जायचा, संध्याकाळी धुळीनं पांढरा होऊन यायचा. मस्टरावर अंगठे घेऊन घेऊन त्याची बोटं कायमची जांभळी. पगार थकला की शिव्या मुकादमाला नाही, यालाच. झावळ्यांचा रविवार १५ एप्रिलला होता, म्हणजे संध्याकाळचा वाटा ७८वा. अरण्यात फिरणारे इस्राएल लोक त्यात विचारतात की देव इथं रानात जेवण मांडू शकेल काय. काकानं पुस्तक मिटलं. ‘मी रोज रानात जातो. तिथं ताट मांडत नाहीत, मस्टर मांडतात.’ सगळे गप्प. मोठी आई म्हणाली, ‘मग मस्टर नीट मांड. कुणाचा अंगठा सुटू देऊ नको.’ आणि त्याला पुढचं वाचायला लावलं. पुढे १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला तेव्हा काकाला त्याचं फार अप्रूप होतं. मागेल त्याला काम, हे कागदावर आलं म्हणून. त्यानं ते ७८व्या स्तोत्राशी जोडलं नाही. आम्ही जोडतो, तो चिडतो.

पण त्या घरातलं खरं अवघड स्तोत्र होतं ते सात तारखेचं, ३७वं. त्याचा कवी म्हातारा झालाय, आणि म्हणतो की तरुणपणापासून आजवर नीतिमान माणसाला देवानं टाकलेलं किंवा त्याच्या लेकरांना भीक मागताना मी कधी पाहिलं नाही. त्या ओळीशी आलं की मोठी आई थांबायची. वाचणारा कुणीही असो, तिनं बोट वर केलं की थांबायचं.

तिचे वडील १८९९-१९०० च्या दुष्काळात, लोक ज्याला छपन्नचा म्हणतात त्यात, अनाथ झाले. वय दहाच्या आसपास. आई-बाप-बहीण वाटेत गेले. नेवाश्याकडून चालत निघालेलं हे पोर मिशनच्या रांगेत उभं राहिलं ते हातात डबडं घेऊन. त्या काळात अमेरिकन मिशननं, एस.पी.जी.नं, आणि केडगावला पंडिता रमाबाईंनी अशी किती मुलं पोटाशी धरली त्याला गणती नाही. नगर जिल्ह्यातल्या कितीतरी ख्रिस्ती घरांचा उगम त्याच रांगेत आहे. त्यांचे आईवडील नीतिमान नव्हते असं कोण म्हणेल? शेतात राबणारी, कुणाचं दोन पैशाचं न बुडवलेली माणसं. आणि त्यांचं लेकरू भाकरी मागत होतं. मोठी आईनं हे बापाच्या तोंडून ऐकलेलं. तेव्हा ‘मी कधी पाहिलं नाही’ म्हणणाऱ्या कवीला ती एवढंच म्हणायची, ‘तू पाहिलं नसशील बाबा.’

गल्लीत कधी भांडण झालं की टोमणा ठरलेला असे: भाकरीसाठी बाटलेले. आमच्या आईवडिलांची पिढी त्यानं खजील व्हायची, विषय बदलायची. मोठी आई नाही. ‘हो, भाकरीसाठीच. मग?’ असं ती ठणकावायची. घरी येऊन आम्हाला म्हणायची, ‘प्रभूनं शिकवलेली प्रार्थना बघा. आधी भाकर मागितलीय, पापांची क्षमा त्याच्या मागून. क्रम बघा.’ आप्पा यावर काही बोलत नसत. त्यांनाही तो क्रम खोडता आला नसता.

मग ३७व्या स्तोत्राचं ती काय करायची? ओळ गाळायची नाही. थांबायची, कवीला आपलं म्हणणं ऐकवायची, आणि उठून त्या दोन डब्यांकडे जायची. ७ एप्रिलला शनिवार होता. साठलेल्या मुठींचं पीठ, वाचलेली साखर आणि पावडर असं सगळं काढून तिनं रविवारी पहाटे भाकऱ्या केल्या, फडक्यात बांधल्या, आणि पितळी किटलीत चहा. उपासनेला जायच्या आधी आम्हा पोरांना काकाबरोबर खडीच्या ढिगांकडे पिटाळलं. रविवारीही तिथं माणसं मुक्कामाला होतीच. आम्हाला लाज वाटत होती, इस्त्रीचे कपडे घालून भाकऱ्या वाटायची. एका बाईनं भाकरी हातात घेतली, उलटी-सुलटी करून बघितली आणि विचारलं, ‘मिलोची अशी अख्खी कोण भाजतं?’ ते आम्ही घरी जाऊन सांगितलं. त्या लेंटमध्ये मोठी आईला एवढं खूश आम्ही दुसऱ्यांदा पाहिलं नाही.

गुड फ्रायडे २० एप्रिलला. तीन तासांची उपासना, सात उद्गार, उन्हानं पत्रे तडतडत होते. संध्याकाळचं स्तोत्र तारखेप्रमाणे १०४वं, दऱ्याखोऱ्यांत झरे सोडणाऱ्या देवाचं, रानगाढवांची तहान भागवणाऱ्याचं. टँकर त्या दिवशी आला नव्हता. आप्पा म्हणाले, आज दुसरं काहीतरी वाचू. ती म्हणाली, तारखेचंच. वाचणारा दादा होता. पाणी या शब्दाशी आला की त्याचा घसा कोरडा पडायचा, असं तो आता रंगवून सांगतो. त्यात थोडं तिखटमीठ आहे. पुढे जूनमध्ये पाऊस आला, चांगला आला.

मोठी आई गेली, आप्पा गेले. पुस्तक माईकडे पुण्यात आहे. आम्ही पांगलो, कुणी नगरात, कुणी ठाण्यात, धाकटी मेलबर्नला. शहराचं नाव अहिल्यानगर झालं, आमच्या तोंडी नगरच. तारखांचा नेम तुटला होता. तो पुन्हा धरला २०२०च्या लेंटमध्ये. राखेचा बुधवार होऊन महिना होतो न होतो तोच कोरोनाची टाळेबंदी लागली, आणि देवळाला कुलूप असलेला ईस्टर आमच्या पिढीनं पहिल्यांदा पाहिला. संध्याकाळी सातला सगळे फोनवर जमायचे, धाकटीच्या घड्याळात तेव्हा मध्यरात्रीचा सुमार. माई पुस्तकातून सांगायची, ज्याची पाळी तो वाचायचा. झावळ्यांचा रविवार ५ एप्रिलला आला, त्याच रात्री नऊला देशभर दिवे लावायचे होते. तारखेप्रमाणे २७वं स्तोत्र, आणि त्याची सुरुवातच प्रकाशानं होते. योगायोगच, पण दादाला दोन दिवस पुरला.

त्या दिवसांत व्हॉट्सअ‍ॅपवर ९१व्या स्तोत्राचा पूर आला होता, गरुडाच्या पंखांच्या चित्रासकट. मरी तुझ्या तंबूजवळ येणार नाही, अशा आशयाचं ते स्तोत्र. घाबरलेल्या माणसानं ते उराशी धरलं तर त्यात गैर काही नाही. पण ते तावीज म्हणून फिरायला लागलं तेव्हा मला मोठी आईची आठवण झाली. अरण्यात चाळीस दिवसांच्या उपासानंतर सैतान प्रभूला मंदिराच्या शिखरावरून उडी मार म्हणतो, तेव्हा तो दाखला ९१व्या स्तोत्रातलाच देतो. लेंटच्या पहिल्या रविवारी हे शुभवर्तमान वाचलं जायचं, आणि घरी आल्यावर ती म्हणायची, ‘बघा, स्तोत्रं त्यालाही पाठ आहेत.’ हे मी आमच्या गटात लिहिलं, तर एका मेव्हण्यानं दोन आठवडे अबोला धरला.

७ एप्रिलला ३७वं आलं. पाळी धाकटीच्या मुलाची होती. मेलबर्नमध्ये वाढलेला, मराठी वाचताना अडखळणारा. त्याला काहीच माहीत नव्हतं. तो त्या ओळीशी आला आणि चार घरांतून एकदम आवाज आला, ‘थांब!’ बिचारा घाबरला, आपलं उच्चारात काही चुकलं असं समजला. त्याला सगळं सांगता सांगता रात्रीचे नऊ वाजले. त्या आठवड्यात पुणे-नगर रस्त्यानं माणसं पायी निघालेली, बातम्यांत दिसत होती. काका आता सत्तरीकडे झुकलेला. तो एवढा वेळ गप्प होता. म्हणाला, ‘डबे कुठायत?’ मग दादाच्या मुलानं नगरातल्या ओळखीनं शिध्याची पाकिटं करायची ठरवली: पीठ, तूरडाळ, तेल, मीठ, साखर, चहा पावडर. पावडर हवीच, असा माईचा हट्ट. प्रत्येकानं पैसे पाठवायचे ठरलं, किती यावरून नेहमीप्रमाणे वाजलं. काकानं मस्टर मांडलं, कुणाला काय दिलं त्याच्या नोंदीसह, वहीत, शाईच्या पेनानं. माईनं त्याच्याकडे पैन्‌पैचा हिशेब मागितला. दोघांचे आकडे जुळत नाहीत, आणि दर लेंटला सात तारखेला ते दोघं त्यावर पुन्हा बसतात.